सोंडेवरची चौथी

१

शंभुलिंग आप्पा चौतीस वर्षं भूकरमापक होते. धाराशिव जिल्ह्यात असा बांध विरळाच, ज्याच्यावर उभं राहून त्यांनी दोन भावांची भांडणं ऐकली नाहीत. भाऊ तावातावानं बोलत राहायचे, आप्पा शांतपणे साखळी टाकायचे आणि आकडा सांगायचे. आकडा सांगितला की विषय संपला. देव, नवस, शकुन यांच्यावर त्यांचा राग नव्हता, पण ज्याचं माप घेता येत नाही त्याच्यात डोकं घालायला त्यांना सवड नसायची. निवृत्त झाल्यावरही ही खोड गेली नाही. चालताना पावलं मोजतात, जेवताना घास मोजतात, असं गिरिजाबाई नवऱ्याबद्दल सांगायच्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

त्या भाद्रपदात हे दोघं नवरा-बायको बालाघाटाच्या डोंगरात चालायला निघाले. येडशीपासून तुळजापूरच्या अंगाला चार दिवसांची पायवाट. हॉटेल नाही, तंबू नाही. दिवसभर चालायचं, संध्याकाळी डोंगरातल्या एखाद्या शेतवस्तीवर मुक्काम टाकायचा आणि सकाळी उठून पुढच्या वस्तीची वाट धरायची. वाट दाखवायला सोबत उत्कर्ष होता. तिशीतला, दाढी राखलेला, बोलायला कंजूष. माणसांना असं वस्तीवरून वस्तीवर फिरवायचा हा उद्योग त्यानं आणि शिवप्रियानं मिळून सुरू केला होता.

शिवप्रिया म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी श्रावणात तापानं गेली. सव्वीस वर्षांची होती.

ती असताना दर वेळी म्हणायची, "आप्पा, एकदा तरी चला की माझ्यासंगं." आणि आप्पा दर वेळी म्हणायचे, "जन्म गेला माझा डोंगर तुडवण्यात. आता हौसेनं काय तुडवायचा?" हे वाक्य वर्षभर त्यांना झोपू देत नव्हतं. म्हणून आले होते.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त आप्पांना ठाऊक होती. अणदूरला स्वतःच्या रानात त्यांनी लेकीला समाधी दिली. लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून पुरतात, आणि जन्मभर गळ्यात वागवलेलं त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवून मूठ मिटतात. ज्याचं लिंग त्याच्याबरोबर गेलं पाहिजे, मागं ठेवायचं नसतं. स्वामींनी ते आप्पांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "तुमच्या हातानं ठिवा." आप्पा खड्ड्यात उतरले. वर माणसं दाटीनं उभी होती, पाऊस लागला होता. आप्पांनी लेकीची मूठ मिटली, पण रिकामीच मिटली. लिंग सदऱ्यात सरकवलं आणि वर आले. का केलं, हे त्यांना तेव्हाही सांगता आलं नसतं. गेलं वर्षभर ते पांढऱ्या कापडात बांधून त्यांच्या गळ्यात होतं, त्यांच्या स्वतःच्या लिंगाच्या शेजारी.

२

पहिला दिवस बरा गेला. सकाळी ऊन होतं, दुपारी एक झड येऊन सगळ्यांना भिजवून गेली आणि चार वाजता पुन्हा कपडे वाळतील असं ऊन पडलं. पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. त्यांच्या पात्यांचा हूं हूं असा एकसुरी आवाज दिवसभर कानात राहिला. कुसळी गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं आणि वाट त्यात मध्येच दिसायची, मध्येच बुडायची.

संध्याकाळी ते डोंगराच्या एका सोंडेवरून खाली उतरू लागले. खाली ओढा होता आणि ओढ्यापलीकडच्या चढावर पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

"काका, जरा सुटं सुटं चाला," उत्कर्ष म्हणाला. "म्हंजे नीट मोजता येतंय त्यांना."

"कशाला मोजायचं?"

"इथं फोन लागत न्हाई. म्हणून वस्तीवरलं माणूस सांजच्याला समोर बघत बसतंय. सोंडेवरून जेवढी माणसं उतरली तेवढ्यांच्या भाकरी थापायच्या. शिवप्रियानंच लावलीय ही पद्धत."

आप्पांना ही पद्धत मनापासून आवडली. अर्ध्या तासाचा उतार, तोवर पीठ मळून होतं, अन्न वाया जात नाही. पोरगी आपल्यावर गेली होती, असं त्यांच्या मनात आलं. पुढची पन्नास पावलं त्यांनी मोजली नाहीत.

वस्तीवर कडूबाई नावाची साठीची बाई होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, ओट्यावर पोती अंथरली आणि ताटं मांडली. ताटं चार मांडली.

"आम्ही तिघंच आहोत, बाई," आप्पा म्हणाले.

"तिघं? म्या तर चौघं मोजली." कडूबाईनं ओढ्याकडं बघितलं. "मागं राह्यलं व्हय एक माणूस?"

"गुराखी असंल कुणीतरी."

"गुराख्याकडं काठी असती, दादा. ते बाईमाणूस व्हतं. तुमच्या मागंच यायलं व्हतं, दोन कासरे अंतर ठिवून."

आप्पांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. उतरतं ऊन, ओलं गवत, साठीतले डोळे आणि चष्मा नाही. यातून एखादं झुडूप सहज बाईमाणूस होतं. त्यांनी भाकरी मोडली आणि विषय संपवला. कडूबाईनं चौथ्या ताटातली भाकरी फडक्यात झाकून चुलीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "यील मागनं."

गिरिजाबाई त्या झाकलेल्या भाकरीकडं बघत राहिल्या.

३

दुसऱ्या दिवशी ढग इतके खाली आले की पठारावर चालताना पवनचक्कीचा नुसता खांब दिसायचा, पाती वर कुठंतरी धुक्यात फिरत असायची. आप्पा मुद्दाम सगळ्यांच्या मागं राहिले. कारण कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं कारणही नव्हतं, शेवटचा माणूस आपणच आहोत याची खात्री असावी एवढंच.

दुपारनंतर त्यांना मागून आवाज आला. पावलांचा असता तर त्यांनी तो ओळखून टाकला असता. हा गवताचा होता. एखाद्याचं काही पडलं आणि तो हातानं गवत सारून बघतोय, असा. थोडा वेळ सरसर व्हायची, मग थांबायची, मग थोडी पुढं येऊन पुन्हा व्हायची. आप्पा थांबले तरी ती थांबत नव्हती, म्हणजे त्यांच्या पावलांचा पडसाद नव्हता. ससा असेल. नाहीतर वारा. पण वारा नव्हता, धुकं जागचं हलत नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं तर दहा पावलांपलीकडं पांढरं होतं आणि काही नव्हतं.

पुढं चालणारा उत्कर्ष एकदाही मागं वळून बघत नाही, हेही त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. वाट दाखवणारा माणूस मागं बघतो, कोण मागं राहिलं ते पाहतो. उत्कर्ष मात्र नाकासमोर चालला होता.

"उत्कर्ष, असं याआधी कधी झालंय का? एखादं माणूस जास्त मोजलं जाणं?"

"न्हाई, काका."

"मग तू मागं का बघत न्हाईस?"

उत्कर्ष तसाच चालत राहिला. मग म्हणाला, "काल एकदा बघितलं व्हतं." आप्पांना पुढं विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळी धुकं थोडा वेळ फाटलं आणि ते दुसऱ्या सोंडेवरून उतरले. ही वस्ती बब्रुवानची. पन्नाशीचा माणूस, साठ शेळ्या राखणारा. रोज तिन्हीसांजेला समोरच्या डोंगरावरून शेळ्या उतरवताना तो त्या लांबूनच मोजतो, आणि साठात एक कमी असली तर परत जातो. त्याच्या नजरेला नावं ठेवायला जागा नव्हती. त्यानं अंगणात चार बाजा टाकल्या होत्या.

आप्पांनी विचारायच्या आधीच तो म्हणाला, "चौथी कुठं गेली?"

"तुमी नीट बघितलं?"

"बघितलं म्हंजे? लई वेळ बघितलं. तुमी तिघं आपलं सरळ उतरलाव. ती मातर सारखी वाकायली. वाकायचं, गवत चाचपायचं, दोन पावलं पुढं यायचं, परत वाकायचं. कायतर पडलंय बघा तिचं." बब्रुवाननं स्वतःची डावी मूठ पुढं धरली, उघडली, रिकाम्या तळहाताकडं बघितलं आणि पुन्हा मिटली. "आन् मधूनच असं करायली. बघून कससंच झालं."

आप्पांचा हात आपोआप छातीवर गेला. सदऱ्याखाली कापडाची ती गाठ होती. ती अंगाच्या उबेनं कोमट असायची, वर्षभर तशीच होती. त्या वेळी ती ओल्या गोट्याइतकी गार लागली. आप्पांना भीती वाटली, आणि भीतीच्याही आधी लाज वाटली. लेक आपल्यामुळं डोंगरभर गवत चाचपत फिरतेय, हे त्यांना कळलं आणि ते कुठल्याच मापात बसेना.

गिरिजाबाई बाजेवर बसून त्यांच्या छातीवरच्या हाताकडं बघत होत्या.

४

रात्रभर आप्पांनी स्वतःशी वाद घातला. बब्रुवान चांगला माणूस आहे, पण कडूबाईचं बोलणं त्याच्या कानावर आलं असेल. कसं येईल, फोन लागत नाही. बरं, उत्कर्षनंच काही सांगितलं असेल. पण उत्कर्षला तरी मुठीचं काय ठाऊक? खड्ड्यात खाली उतरलेला माणूस एकच होता. पहाटे पहाटे त्यांनी ठरवलं की दुसऱ्यांच्या मोजणीवर विसंबून आपण कधी निकाल दिला नाही, आताही द्यायचा नाही.

सकाळी ते म्हणाले, "मी पुढं जातो. तुमी दोघं तासाभरानं निघा."

"एकटेच? वाट चुकलाव तर?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"चौतीस वर्षांत चुकलो न्हाई."

तिसरी वस्ती शरणबसप्पाची. तो आणि त्याची बायको लक्ष्मीबाई, दोघंही सत्तरीचे, आपसात कानडीत बोलत आणि पाहुण्याशी मराठीत. आप्पा दुपारीच पोचले. पावसाची एक सर येऊन गेली, मग ऊन आलं, मग पुन्हा आभाळ भरलं. आप्पा अंगणाच्या कडेच्या दगडावर बसून समोरची सोंड बघत राहिले. लक्ष्मीबाईनं आणून दिलेला चहा पेल्यात तसाच गार झाला.

चारच्या सुमाराला सोंडेच्या माथ्यावर निळा रेनकोट दिसला. तो उत्कर्ष. त्याच्यामागं पिवळं प्लॅस्टिक पांघरलेल्या गिरिजाबाई. आप्पांनी श्वास धरला. एक, दोन. दोघं पंचवीस-तीस पावलं उतरले. माथा मोकळाच राहिला आणि आप्पांच्या जिवात जीव आला. एवढंच होतं तर, धुकं आणि म्हाताऱ्यांचे डोळे. आणि त्याच घटकेला त्यांना फार वाईटही वाटलं. आपण तिची वाट बघत होतो, हे त्यांना तेव्हा उमगलं.

मग माथ्यावर तिसरी आली.

लांब होती. तोंड दिसत नव्हतं. अंगावर कसले कपडे होते तेही सांगता आलं नसतं. पण ती गुडघे न वाकवता कमरेतून वाकली आणि एका हातानं गवत सारू लागली. शाळेत असताना अंगणातल्या चिंचा वेचायची तशीच. गिरिजाबाई तेव्हा ओरडायच्या, अगं बस की खाली, पाठ मोडंल. दुसरा हात, डावा, तिनं छातीशी मिटून धरला होता. थोड्या वेळानं ती उभी राहिली, तो हात उघडला, त्यात बघितलं. आप्पांनी तीनदा मोजलं. तीनदा तीनच भरले. मग ढगाचा एक लोट सोंडेवरून खाली घसरला आणि सगळं झाकलं गेलं.

शरणबसप्पा शेजारी येऊन उभा होता. तो घरात बघून म्हणाला, "तिघं यायलेत. आन् हे मालक धरून चार. भाकरी चौघांच्या टाक गं." मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा समोर बघू लागला. "ते पोर काय हुडकायलं व्हतं, कुणास ठाऊक."

५

गिरिजाबाई येऊन टेकल्यावर आप्पांनी त्यांना गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं. खड्डा, मूठ, सदरा. काही लपवलं नाही. गळ्यातलं कापड सोडवून लिंग तळहातावर ठेवलं.

"मी वर जातो," ते म्हणाले. "तिच्या वाटंवर ठिवून येतो. तिचं तिला मिळू दे, गिरिजा. लई मोठी चूक झाली माझी."

बायको आता शिव्याशाप देईल, छाती बडवून घेईल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. गिरिजाबाईंनी तसलं काही केलं नाही. बराच वेळ त्या छोट्या काळ्या लिंगाकडं बघत राहिल्या. ते पोरीच्या गळ्यात बांधलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि दोरा टोचतोय म्हणून रडली होती.

"मला पहिल्या दिवशीच कळलं व्हतं, ती हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "का हाय ते कळत नव्हतं. द्या इकडं. म्या जाते."

"तू?"

"तुमी एकदा गेलाव की. तवा काय केलाव?"

गिरिजाबाईंनी लिंग मुठीत घेतलं, पदर खोचला आणि ओढा ओलांडून समोरचा चढ चढू लागल्या. उजेड अजून होता. उत्कर्ष ओट्यावर पाठमोरा बसून होता, त्यानं मान वर केली नाही. पिवळं प्लॅस्टिक सोंडेवर लहान लहान होत गेलं आणि ढगात शिरलं.

आप्पा मोजत उभे राहिले. दुसरं काय करणार? बाराशेपर्यंत मोजलं. भुरभुर सुरू झाली. मध्येच त्यांना वाटलं, वरून हाक ऐकू आली, "शिवू" अशी. बायकोचाच आवाज होता. घरात ती पोरीला जेवायला बोलवायची तेवढाच मोठा. त्यानंतर गवताची सरसर थांबली. ती कालपासून सतत आपल्या कानात होती, हे ती थांबल्यावरच त्यांना कळलं.

ते दगडावर टेकले. संपलं, असं त्यांना वाटलं. मिळालं तिचं तिला. आता ती जाईल. वर्षभर न आलेलं रडू त्यांना आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं.

गिरिजाबाई खाली आल्या तेव्हा दिवस मावळत होता. साडी चिखलानं भरली होती आणि केसांतून पाणी निथळत होतं. पण तोंड असं दिसत होतं, जसं आप्पांनी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्या जवळजवळ हसत होत्या.

"दिलंस?"

"हाक मारली म्या. तिनं वर बघितलं."

"मग?"

"माझ्याकडं बघितलं तिनं. मला अव्वा म्हणायला तोंड उघडलं, आवाज न्हाई आला. पर बघत व्हती. हुडकायचं थांबवून नुसती माझ्याकडं बघत राह्यली." गिरिजाबाईंनी डोळे पुसले. "मग मला न्हाई जमलं."

त्यांनी मूठ उघडली. लिंग तळहातावर होतं.

"दिलं असतं तर ती गेली असती. लगीच गेली असती. वर्षानं दिसलीय हो मला." आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "उद्याचा दिवस हाय की अजून आपल्याकडं. उद्या दिऊ."

आप्पांना काय करायला हवं ते स्पष्ट दिसत होतं. ते लिंग घ्यावं, पोरीपुढं जाऊन हात जोडावेत आणि तिची मूठ या वेळी नीट मिटावी. एवढंच काम होतं, आणि ते करायला त्यांच्याइतका जबाबदार माणूस दुसरा नव्हता. आपण तिला थांबवून ठेवतोय, ती पावसात भिजतेय, हे दोघांनाही कळत होतं.

"उद्या दिऊ," आप्पा म्हणाले. परवा काय करायचं, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. उत्कर्षला विचारावं, पुढच्या महिन्यात पुन्हा येता येईल का.

लक्ष्मीबाईनं जेवायला हाक मारली. ते आत गेले आणि शरणबसप्पानं वारा येतो म्हणून दार लोटलं. पाऊस वाढला. चार ताटांपैकी एकाला कुणी हात लावला नाही. आप्पांनी पहिला घास तोंडाशी नेला आणि तो तसाच राहिला.

बाहेर अंगणात गवत नव्हतं. तिथं नुसती ओली माती होती, आणि त्या मातीवरून कुणीतरी सावकाश हात फिरवत होतं. आवाज गोठ्यापासून सुरू झाला. ओट्याशी आला. मग दाराच्या खालच्या फटीशी आला आणि तिथंच, इकडून तिकडं, तिकडून इकडं, चाचपत राहिला. उत्कर्ष ताटावर मान खाली घालून रडत होता. लक्ष्मीबाई हळूच म्हणाली, "अय्यो, तिचं कायतर आत राह्यलंय वाटतं. द्या की कुणीतरी."

गिरिजाबाईंनी मूठ आवळली. आप्पांनी त्या मुठीवर आपला हात ठेवला. तो आवाज थांबेपर्यंत दोघांपैकी कुणीही जागचं उठलं नाही.